जुनी बिडाची बुलेट की नवी ३५०: एका खरेदीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातलं, २०२४ च्या सुरुवातीचं. खरेदीदार बेचाळीस वर्षांचे, सातारा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर. गाव महामार्गापासून थोडं आत. घर ते कारखाना २६ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ५२, आणि त्यातला बराचसा पट्टा पुणे–बंगळुरू महामार्गावरचा. हाताशी २०१२ ची १२५ सीसी मोटारसायकल होती. तिचं इंजिन ठणठणीत, पण चेनसेट, टायर आणि पुढचे फोर्क दुरुस्तीला आले होते. घरात दुसरं वाहन म्हणजे पत्नीची स्कूटर.

त्यांच्या वडिलांकडे ऐंशीच्या दशकात बुलेट होती, ती पुढे विकली गेली. परत एक घ्यायची हे तेव्हापासून मनात होतं. सव्वादोन लाख साठले होते आणि कर्ज काढायचं नव्हतं. त्याच सुमारास ओळखीतून कळलं की शेजारच्या तालुक्यातले एक निवृत्त एसटी मेकॅनिक आपली १९८८ ची स्टँडर्ड ३५० विकणार आहेत, मागणी १ लाख २० हजार. दुसरीकडे शोरूममध्ये नवी बुलेट ३५० उभी होती. मिलिटरी प्रकार, ऑन-रोड २ लाख १४ हजार.

नाव सारखं असलं तरी या दोन गाड्यांत एकही नट सामायिक नाही. जुनीचं इंजिन ३४६ सीसी, ७० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), बिडाचा ब्लॉक, पुशरॉड, आणि इंजिन, प्रायमरी केस व गिअरबॉक्स वेगवेगळे. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली तेव्हापासून, बारीकसारीक बदल वगळता, हीच रचना चालत आली. २०१० च्या सुमारास उत्सर्जनाच्या नियमांमुळे ती बंद झाली. नवीचं जे-सीरिज इंजिन ३४९ सीसी, ७२ बाय ८५.८ मिमी, ओव्हरहेड कॅम, फ्युएल इंजेक्शन, कंप मारणारा बॅलन्सर शाफ्ट आणि पाच गिअर. ताकद ६,१०० आरपीएमला २०.२ बीएचपी, टॉर्क ४,००० आरपीएमला २७ न्यूटन-मीटर. वजन १९५ किलो, म्हणजे जुनीपेक्षा साधारण तीस किलोने जास्त. पुढे ३०० मिमीची डिस्क आणि एबीएस. या प्रकाराला मागे मात्र ड्रमच.

प्रश्न नेमका काय होता

सुरुवातीला प्रश्न 'जुनी घ्यावी की नवी' असाच मांडला गेला आणि महिनाभर त्यातून काही निघालं नाही. जुनीच्या बाजूने आवाज, आठवण आणि स्वतः हाताने काम करण्याची हौस. नवीच्या बाजूने ब्रेक, वॉरंटी आणि बटणावर सुरू होणं. ही दोन टोकं एका तराजूत बसत नाहीत.

गाठ पत्नीच्या एका प्रश्नाने सुटली. "अहो, हिच्यावर रोज कामाला जाणार आहात का फक्त रविवारी?" मग त्यांनी महिन्याचे किलोमीटर कागदावर मांडले. कामावर जाण्या-येण्याचे साधारण अकराशे ते बाराशे, आणि हौसेचे, म्हणजे यवतेश्वर घाटातून कास, ठोसेघर, कधी मेढ्यामार्गे महाबळेश्वर, असे तीनशेच्या आसपास. नवी गाडी दोन्ही कामांना चालणारी होती. जुनी फक्त दुसऱ्या कामाला. म्हणजे खरी तुलना एकटी नवी विरुद्ध जुनी अधिक १२५ सीसी अशी झाली, आणि १२५ सीसी सुस्थितीत ठेवायला किती लागेल हाही आकडा हिशेबात आणावा लागला. अशा बहुतेक चर्चा इथेच चुकतात. जुन्या गाडीची किंमत मोजली जाते, पण तिच्यासोबत जी दुसरी गाडी ठेवावीच लागते तिची मोजली जात नाही.

कोणते पर्याय तपासले

नवी बुलेट. शोरूमने दिलेली तीन किलोमीटरची फेरी निरुपयोगी होती. नंतर एका सहकाऱ्याच्या गाडीवर साठ किलोमीटर झाले, तेव्हा कुठे तिचा अंदाज आला. ताशी ८५–९० ला हँडलवर कंप जवळजवळ नाही, ट्रकच्या मागे अडकलं तर चौथ्यात टाकून निघता येतं, ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक निर्धास्त दाबता येतो. उणिवाही दिसल्या. आऱ्यांची चाकं असल्याने टायर ट्यूबचे, म्हणजे महामार्गावर पंक्चर झालं तर चाक उतरवणं आलं. किक नाही. बॅटरी पूर्ण बसली तर ढकलून सुरू करण्याचा भरवसा नाही, कारण इंजेक्शनच्या पंपाला आणि ईसीयूलाही, म्हणजे इंजिनाच्या संगणकालाही, वीज लागते. आणि १९५ किलो अंगणातल्या चढावर मागे ओढणं रोजचं होणार होतं.

मधला पर्याय म्हणून २०१३ ची युनिट इंजिनची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये) क्लासिक ३५० पाहिली. डावा गिअर, हायड्रॉलिक टॅपेट, कार्ब्युरेटर, बटण आणि किक दोन्ही. व्यवहाराला सोयीची गाडी. पण सेल मारताना 'करर' असा घासल्याचा आवाज आला, म्हणजे सेलची मोटर इंजिनाला जोडणारा स्प्रॅग क्लच संपत आला होता. या इंजिनाची ही ठाऊक असलेली दुखरी जागा. बॅटरी कमजोर असताना वारंवार सेल मारला की इंजिन उलटा झटका देतं आणि तो झटका स्प्रॅगवर येतो. दुरुस्ती अवघड नाही, पण जुनीची गंमत नाही आणि नवीची निश्चिंतीही नाही, म्हणून हा पर्याय सोडला.

जुन्या गाडीची तपासणी

तपासणीला बुलेटचंच काम करणारे एक मिस्त्री दीड हजार रुपये देऊन सोबत नेले. सकाळी सातची वेळ ठरवली आणि विक्रेत्यांना आधीच सांगितलं, "अण्णा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर पहिलं काम ब्लॉकला हात लावून तो गार आहे याची खात्री करणं. तापलेली बुलेट बरेच दोष लपवते.

अण्णांनी स्वतः किक मारून दाखवली. चावी चालू करून हळूहळू किक दाबत नेली, अँपिअरचा काटा मध्यावर आला तिथे थांबले, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) ओढून किक जरा पुढे सरकवली, सोडला आणि पूर्ण दाब दिला. दुसऱ्या किकला गाडी लागली. पॉइंटचं, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्काचं, टायमिंग बरोबर असल्याची ही खूण.

सुरू होताच सायलेन्सरमधून निळा धूर भसाभसा आला. गावातल्या गॅरेजवाल्याने हाच धूर पाहून आधी सांगून ठेवलं होतं की पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअर मारावं लागेल, म्हणजे सिलिंडर कापून मोठ्या मापाचा पिस्टन. मिस्त्रींनी घड्याळ लावलं. पाच मिनिटांत धूर विरला. मग थ्रॉटल देऊन पाहिलं, धूर नाही. थ्रॉटल एकदम सोडला तेव्हा किंचित दिसला.

"धूर बघून रिंगा सांगायच्या नाहीत साहेब. आधी खाली तेल किती उतरलंय ते बघू."

त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी रात्रभर उभी राहिल्यावर क्रँककेसखालचा, म्हणजे इंजिनाच्या तळपेटीचा, बोल्ट खोलला. तिथे थोडंसं तेल असायला हवं. निघालं साडेतीनशे मिली. या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसमध्येच एका बाजूला असते. पंप किंवा सील झिजलं की उभ्या गाडीत ते तेल झिरपत क्रँकखाली जमतं आणि सुरू करताना जळतं. म्हणून धुराची वेळ पाहायची. सुरुवातीला येऊन विरला तर उतरलेलं तेल, थ्रॉटल देताना सतत आला तर रिंगा किंवा बोअर, थ्रॉटल सोडल्यावर आला तर व्हॉल्व्ह गाइड. इथे पहिलं आणि थोडं तिसरं होतं.

हा फरक का महत्त्वाचा, ते पुढे ब्लॉक उतरवल्यावर कळलं. पिस्टनच्या माथ्यावर ४० चा शिक्का होता (वाढीव मापं २०, ४०, ६० अशी), म्हणजे दोन बोअर आधीच झाले होते आणि ६० साइजचा एकच उरला होता. गावातल्या सल्ल्याने बोअर मारला असता तर शेवटची संधी विनाकारण संपली असती.

बाकी तपासणीत निघालेलं असं: रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या पाइपचा बोल्ट इंजिन चालू असताना सैल केला तर तेल येत होतं, म्हणजे पंप जिवंत. प्रायमरी केसच्या मधल्या नटाखालून ठिबक. क्लच चढावर सुटत होता. दोन्ही ड्रम अंडाकृती झिजलेले, ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडायचं. कार्ब्युरेटरची स्लाइड खडखडत होती. वायरिंग ६ व्होल्टची, तीन ठिकाणी चिकटपट्टीने जोडलेली. फ्रेम सरळ. गाडी दोरी लावून पाहिली, दोन्ही चाकं एका रेषेत.

कागद

चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळले. क्रँककेस बदललेली आणि नोंद न केलेली अशा बुलेट बाजारात खूप आहेत, आणि ती भानगड नंतर निस्तरता येत नाही. इथे मात्र दोन वेगळ्या अडचणी होत्या.

पहिली, आरसीची मुदत दहा महिन्यांपूर्वी संपली होती. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. व्हिंटेज नोंदणीची तरतूद ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी आहे, १९८८ ची गाडी त्यात बसत नाही. दुसरी, आरसीवर एका बँकेचा कर्जाचा बोजा अजून चढलेलाच होता. कर्ज नव्वदच्या दशकातच फिटलं होतं, पण फॉर्म ३५ देऊन तो उतरवायचा राहून गेला. दरम्यान ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली.

इथे खरेदीदारांनी घेतलेला निर्णय या सगळ्या व्यवहारातला सर्वांत शहाणपणाचा. अण्णा म्हणाले, "मी सगळ्या फॉर्मवर सह्या करून देतो, पुढचं तुम्ही बघा." खरेदीदारांनी नम्रपणे नकार दिला. पाच हजार इसार दिला आणि साध्या कागदावर लिहून घेतलं की बोजा उतरवणं आणि नूतनीकरण आधी विक्रेत्याच्या नावावर होईल, त्यानंतर उरलेली रक्कम आणि नावबदलाच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती व फॉर्म ३० वर सह्या. बँकेचा दाखला मिळायला पाच आठवडे लागले. नूतनीकरणाची त्या वेळची फी १,००० रुपये आणि १५ वर्षांवरच्या दुचाकीचा पर्यावरण कर २,००० रुपये, दोन्ही अण्णांनी भरले. थर्ड पार्टी विमा १५० ते ३५० सीसीच्या गटात १,३६६ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १,६१२ च्या आसपास, तो खरेदीदारांकडे.

तपासणीची यादी समोर ठेवून भाव ८२ हजारांवर ठरला. अण्णांचाही त्यात मान राहिला, कारण यादीतली प्रत्येक गोष्ट त्यांच्यासमोर खोलून दाखवली होती.

निर्णय

१२५ सीसीला चेनसेट, दोन टायर, फोर्क सील आणि मागच्या ब्रेकचे लायनर बदलायला ११ हजार येणार होते. जुनीची किंमत ८२ हजार आणि दुरुस्तीचा अंदाज ३८ हजार. एकूण १ लाख ३१ हजार. नवीपेक्षा ८३ हजार कमी. हे पैसे मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी बाजूला राहणार होते, आणि घरच्यांच्या होकाराला ते मुख्य कारण ठरलं. खरेदीदारांना संध्याकाळी हातात पाना घेऊन बसायला आवडतं, मिस्त्री चौदा किलोमीटरवर, आणि रोजच्या प्रवासाची सोय आधीच लागलेली. तिन्ही गोष्टी जमल्या म्हणून जुनी घेतली.

आमच्या मते यातली एक जरी गोष्ट नसती तरी नवी घेणंच बरोबर होतं. विशेषतः १२५ सीसीचं इंजिन गेलेलं असतं तर रोज ५२ किलोमीटर, पावसाळ्यात, ताशी ६०–६५ ला सुखावणाऱ्या आणि ड्रम ब्रेकच्या गाडीवर ८० ने जाणाऱ्या ट्रकांच्या मध्ये जाणं हा हौसेचा विषय राहिला नसता.

काम कसं झालं

चार आठवडे ठरले होते, अकरा लागले.

आधी वरचं काम. ब्लॉक उतरवून बोअर मोजला. झीज मर्यादेत होती, म्हणून त्याच बोअरवर नव्या रिंगा बसवल्या. व्हॉल्व्ह गाइड आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे, व्हॉल्व्ह टेकतात त्या सीट कापून घेतल्या. तेलाचा पंप, तो फिरवणारा वर्म नट आणि टायमिंग कव्हरमधलं कॉर्कचं सील बदललं. हे सील दिसायला क्षुल्लक, पण क्रँकच्या बिग एंडकडे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगकडे, जाणारं तेल त्यातूनच जातं. ते आकसलं की वर तेल पोचताना दिसतं आणि खाली बिग एंड कोरडं पडतं. वर्म नटाचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर तो मोडतो किंवा क्रँकचे आटे जातात.

मग ब्रेक. दोन्ही हब लेथवर गोल करून घेतले आणि लायनर त्या मापाला घासून बसवले. नुसते नवे लायनर टाकले असते तर धडधड तशीच राहिली असती. पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत येणार हे धरून पेट्रोल पाइप, कॉकचे रबर आणि कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घेतली. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या नव्या गाड्यांना ही चिंता नाही.

गाडी रस्त्यावर आली. तेल २० डब्ल्यू ५० भरलं. सहाशे किलोमीटरला, ताशी पन्नासला चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल दिला की खालून 'टक-टक' येऊ लागली. बिग एंड गेलं होतं.

तपासणीत हे का सुटलं? अण्णा अनेक वर्षं एसएई ५० तेल वापरत होते. लपवायचा हेतू नव्हता. जाड तेल इंजिनाला चांगलं, असा त्यांच्या पिढीचा समज. पण थंड इंजिनात जाड तेल बिग एंडचा आवाज गिळतं. ब्लॉक उतरवला तेव्हा मिस्त्रींनी कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहिला होता, तेव्हा बेअरिंगमध्ये तेच जाड तेल भरलेलं होतं. हाताला खेळ लागला नाही. रॉडचा खालचा भाग आधी रॉकेलने धुऊन मग ओढून पाहायला हवा होता. बाजूला हलणं चालतं, वर-खाली अजिबात नाही.

इंजिन पुन्हा उतरवलं. रॉड किट, क्रँकपिन, फ्लायव्हील प्रेसवर जुळवणं आणि सेंटरवर फिरवून डायलने सरळ करणं, यात ६,४०० गेले. दुसऱ्यांदा खोलण्याची मजुरी आणि पॅकिंगचे ६,१००. त्यातच ६ व्होल्टची वायरिंग १२ व्होल्टवर नेली: स्टेटर, रेग्युलेटर-रेक्टिफायर, कॉइल, बॅटरी, बल्ब, हॉर्न, हार्नेस, मिळून १३,५००. अंदाज ३८ हजारांचा होता, खर्च ६४ हजार झाला.

चौदा महिन्यांनंतर

एकूण खर्च १ लाख ५७ हजार. जुनी ४,३०० किलोमीटर चालली, सरासरी लिटरला ३४ ते ३६. १२५ सीसीने रोजची फेरी विनातक्रार पार पाडली.

वाटेत दोनदा थांबावं लागलं. एकदा पॉइंटची टाच झिजून फट बंद झाली. फीलर गेजने ०.३५ मिमी लावली आणि पंधरा मिनिटांत निघाले. नवे पॉइंट बसवल्यावर टाचेला ग्रीस लावायचं राहिलं की हे होतंच. दुसऱ्यांदा क्लच केबल. सुरुवातीचा धूर जवळजवळ थांबला. तरी दोन आठवडे गाडी उभी राहिली तर ते खालचा बोल्ट खोलून तेल काढतात आणि गाळून परत वर भरतात. सतत पाऊस असेल तेव्हा कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवतात, कारण इथेनॉल ओल ओढतं.

गंभीर प्रसंग एकच, जूनमधला. भुरभुर पाऊस, सर्व्हिस रोडवर उसाच्या शेतातून ट्रॅक्टर-ट्रॉली अचानक आडवी आली. त्यांनी उजवा पाय जोरात दाबला. १२५ सीसीवर तिथे ब्रेक असतो. या बुलेटवर उजव्या पायाखाली गिअर आहे, पहिला वर आणि बाकीचे खाली. पेडल दाबलं ते तिसऱ्यातून चौथ्यात जायचं, आणि गाडी थांबायच्या ऐवजी आहे त्या वेगाने पुढे. उजव्या हाताने पुढचा ब्रेक ओढला आणि ट्रॉलीच्या मागे दीड-दोन हातांवर गाडी थांबली. इजा झाली नाही.

सगळ्या हिशेबात हा धोका कुठेही लिहिला गेला नव्हता. आठवड्याचे पाच-सहा दिवस डाव्या गिअरची गाडी आणि सातव्या दिवशी उजव्या गिअरची, हे मेंदूला शिकवता येतं, पण घाबरलेल्या क्षणी पाय सवयीचंच करतो. त्यानंतर त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या. रविवारी निघण्याआधी गावच्या मैदानात दहा मिनिटं फक्त थांबण्याचा सराव, डाव्या पायाने. कुठल्याही अडचणीत पहिली हालचाल पुढच्या ब्रेकची, कारण तो दोन्ही गाड्यांत उजव्या हातातच आहे. आणि एकाच दिवशी दोन्ही गाड्या चालवायच्या नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

बिग एंडची शंका आधी धुवून तपासली असती तर इंजिन एकदाच उघडलं असतं. नुसते ६,१०० रुपये वाचले नसते, पाच-सहा आठवडेही वाचले असते. याहून सोपा मार्ग म्हणजे छत्तीस वर्षं जुनं बिडाचं इंजिन घेताना क्रँकचं काम लागणारच असं धरून भाव ठरवणं. विकणाऱ्याने वापरलेल्या तेलाचा डबा पाहायला मागावा. त्यावर २० डब्ल्यू ५० नव्हे, नुसतं एसएई ५० दिसलं की अंदाजात दहा-बारा हजार वाढवावेत.

१२ व्होल्टचा बदल पहिल्याच वेळी हिशेबात घ्यायला हवा होता. ६ व्होल्टचा दिवा संध्याकाळी घाटात पुरत नाही हे तपासणीच्या दिवशीही माहीत होतं, फक्त तो आकडा जड वाटला म्हणून पुढे ढकलला गेला.

गिअर-ब्रेकच्या अदलाबदलीचा विचार खरेदीच्या आधी व्हायला हवा होता. यावर दोन उपाय आहेत. पुढच्या काळात काही बुलेट पाच गिअरच्या आणि डाव्या गिअरच्या निघाल्या, शोधायला वेळ लागतो पण बिडाच्या ब्लॉकचं इंजिन त्यातही मिळतं. किंवा मग जुन्या गिअरबॉक्सला जोडदांडा लावून गिअर डावीकडे घेणं. हा दुसरा उपाय आम्ही सुचवत नाही. जोडदांड्यात खेळ येतो, मधे खोटा न्यूट्रल लागतो, आणि अशा गाडीचा ब्रेकही उजवीकडे वळवावा लागतो. ब्रेकच्या दांड्यांवर वेल्डिंगचे प्रयोग करू नयेत.

नव्या गाडीबाबत चूक एवढीच झाली की साठ किलोमीटरची फेरी उशिरा घेतली. ती पहिल्या आठवड्यात घेतली असती तर महिनाभराची घालमेल झाली नसती, कारण उतरल्याबरोबर त्यांनी स्वतःच म्हटलं होतं, "गाडी उत्तम आहे, पण मला रोज ही नकोय, आणि रविवारी ती जुनी हवी." हे वाक्य कागदावर लिहून ठेवलं तेव्हाच निम्मा निर्णय झाला होता.

सध्या त्यांनी ६० साइजचा पिस्टन, रिंगा आणि एक जुना पण न फुटलेला ब्लॉक घेऊन ठेवला आहे. पुढचं नूतनीकरण २०२९ ला. १२५ सीसीने इंजिनाचं मोठं काम काढलं तर तिच्यावर पैसे न घालता जे-सीरिजची गाडी घ्यायची असं घरात ठरलं आहे. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाल्याने तो हिशेबही आता आधीपेक्षा सोपा आहे.